पाठीक लाज नसता

आधीच सांगून टाकते, माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळले नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा वहाळापलीकडे होती आणि घरात धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून तिथेच थांबले. हे मुलीच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. कोणाला दाखवायचे नाही. तरी माझ्यामागे कोणाच्या हाती लागलेच, तर त्याने आधी अक्षराला हसून घ्यावे आणि मग वाचावे. लिहिताना मला राग येतो आणि राग आला की माझ्या ओळी रेघ सोडून खाली उतरतात. त्यालाही माफ करावे.

राग आला तो बॅनर बघून. आमच्या बस स्टॉपवर परवा मोठा बॅनर लागला. आमच्या गावातल्या शांतीची मुलगी तारा नाच शिकायला बाहेरगावी गेली, तिला शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून देवस्थान कमिटीने अभिनंदन केले आहे. मधोमध आबांचा फोटो, हात जोडलेले. आबा म्हणजे कमिटीचे अध्यक्ष, गावचे मानकरी. एका कोपऱ्यात तारा. दुसऱ्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा, कुंदावैनीचा फोटो आणि खाली ‘गावाने घडवलेल्या नृत्यशिक्षिका’.

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्या दिवशी खिचडी खाली लागली. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, “सुलूताई, लक्ष कुठे आहे?” मला चारचौघांत बोलता येत नाही. गावाने कुंदावैनीला काय घडवले ते मी शेजारून बघितले आहे, म्हणून लिहायला बसले.

कुंदावैनीचे घर आमच्या घराला लागून. तिच्या नवऱ्याची, बाळदादाची, पिठाची गिरण होती. गिरण त्याच्या नावावर होती आणि चालवायची वैनी. बाळदादा बाकावर बसून पेपर वाचायचा आणि पैसे घ्यायचा. वैनी हाडापेराने मोठी, अर्ध्या पोत्याची गोणी एका हाताने उचलणारी. भुवया कायम पिठाने पांढऱ्या. गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय झालेली, त्यामुळे गिरण बंद असली तरी ती ओरडूनच बोलायची. तिने जेवलीस का विचारले तरी भांडण काढल्यासारखे वाटायचे. कोणी तांदूळ न निवडता आणले तर पसाभर हातात घेऊन म्हणायची, “ह्या काय दळूक आणलंस गो, रेती? भाकरी करतंस काय घर बांधतंस?”

तिच्याकडे दळण न्यायला लोक घाबरायचे आणि न्यायचे तिच्याकडेच, कारण पीठ चांगले निघायचे.

नाचात ती शिरली तीसुद्धा रागाने. तिची दीप्ती तेव्हा लहान, तिसरीत असेल. कुडाळला एक पोरसवदा बाई भरतनाट्यमचा क्लास घ्यायची. वैनीने दीप्तीचे नाव घातले, तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. दर रविवारी एसटीने कुडाळला जायचे आणि क्लास सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसायचे. दोन रविवार झाले आणि दीप्ती म्हणाली, माका नको. आईवर गेलेली पोर, नको म्हणजे नको. वैनी फी परत मागायला गेली. फी परत मिळत नाही, असे त्या बाईंनी सांगितले. पुढचे वैनीने आम्हांला गिरणीत करून दाखवले होते, दोन्ही आवाजांत.

वैनी कचेरीत बोलतात तसली मराठी काढून म्हणाली, “परत मिळत नाही ना? मग त्या पैशांचे शिकवा. मुलीला नको तर मला शिकवा.”

“मावशी, तुमचं वय काय?”

“फी घेताना वय विचारलंत काय?”

त्या रविवारी वैनी आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या रांगेत उभी राहिली, साडीचा पदर खोचून. मुली तिच्या कमरेला लागत होत्या. एक चुणचुणीत मुलगी तिला म्हणाली, “काकी, पालकांनी बाहेर बसायचं असतं.” वैनी म्हणाली, “माझा पालक घरी पेपर वाचतो आहे.”

तीन महिन्यांचे पैसे वसूल झाले की ती थांबेल असे आम्हांला वाटत होते. ती थांबली नाही. मी एकदा भीतभीत विचारले, तेव्हा ती चिडली नाही, ते मला लक्षात आहे. गुडघे बाहेर काढून, पाठ ताठ ठेवून अर्धे बसायचे, त्याला अरमंडी म्हणतात. सगळा नाच त्या बसण्यावर उभा असतो. वैनी म्हणाली, “सुलू गो, बाकड्यार बसान आणि गोणी उचलून माझी कंबर म्हणजे खुटो झालो होतो. थंय अर्धी बसलंय, पाय थरथराक लागले, आणि माका कळला, ह्या माझा आंग आसा. इतकी वर्सां मी तेका गिरणीतला सामान समजा होतंय.”

घरात तिला सराव करता येत नव्हता. सासू होती, येणारे-जाणारे होते. मग तिने युक्ती काढली. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती गिरण रिकामीच चालू करायची आणि मागच्या पडवीत नाचायची. गिरणीच्या धडधडीत तिच्या पायांचा आवाज कोणाला ऐकू जात नसे. मला मात्र कळायचे, कारण आमच्या सामायिक भिंतीवरची माझी भांडी दोन वेगवेगळ्या तालांत वाजायची.

पण रिकामी गिरण फिरवली की दगड एकमेकांना खातात. महिन्याभरात पिठात कचकच यायला लागली आणि बाळदादाला कळले. तो ओरडला नाही. तो कधी ओरडायचा नाही. बाकावर बसलेल्या चार लोकांना ऐकू जाईल असे हसत म्हणाला, “आमची हेमामालिनी दगड झिजवता आसा. आता भाकरीत वाळू खावा.” सगळे हसले.

वैनी म्हणाली, “दगडाक टाकी मारून घेतली काय तो परत नवो होता. माका कोण मारतलो टाकी? माझी मीच मारून घेतंय.”

बाळदादा वाईट नव्हता, असे गावात सगळे म्हणतात. त्याने कधी हात उगारला नाही, कधी जाऊ नको म्हटले नाही. मी त्याला चांगला म्हणणार नाही. बायकोला हसणाऱ्यांच्या बाकावर रोज बसणारा माणूस कसला चांगला? पुढे जे झाले, त्यात एक शब्द तो बोलला असता तर आबा इतके पुढे गेले नसते. तो पेपर वाचत राहिला.

वैनीने परीक्षा दिल्या. लहान मुलींबरोबर बसून, एकेक वर्ष करत. परीक्षकांनी एकदा तिलाच विचारले की तुमची मुलगी कुठे आहे. पाच-सहा वर्षे अशी गेली. मग कुडाळच्या बाईंनीच तिला सांगितले, आता तुम्ही गावात शिकवा. पुढे त्या बाई तिला इतके मानायच्या, की मावशी म्हणायचे सोडून ताई म्हणायला लागल्या होत्या.

क्लास गिरणीच्या मागच्या पडवीत सुरू झाला. ताल द्यायला वैनीने वेगळे काही आणले नाही. गिरणीच्या वरच्या टोपात धान्य अडकले की त्यावर मारायची एक काठी असते, तीच घेतली. ती काठी फळीवर आपटत ती ओरडायची, “वाक. वाक, नायतर घराक जा. कंबर देवान वाकाक दिल्यान, दुखाक नाय.”

तिचा एक नियम होता आणि त्यावरून पहिल्याच आठवड्यात अर्ध्या बायका रुसल्या. बघायला कोणी बसायचे नाही. मुलीला सोडायला आलेल्या आयांनी एक तर घरी जायचे, नाहीतर रांगेत उभे राहायचे. “मी पायरेर बसान बगीत होतंय तेवा माका काय मिळाला? डास चावले. नाचतंस तर नाच, नायतर घराक जावन चुलीचा बग.”

आमच्याकडे बायका नाचत नाहीत असे नाही. गणपतीत फुगड्या घालतो. पण ते घोळक्यात, अंगणात, बायकाबायकांत. एकेकटीने हात उचलून उभे राहायचे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखे. मी माझ्या मुलीला, प्राजूला, क्लासला सोडून पळत होते. वैनीने माझा हात धरला. तिने हात धरला की सुटत नसे.

मला म्हणाली, “लाज वाटता? खंय वाटता, ता सांग.”

मी म्हटले, “तोंडार.”

“मगे तोंड भिंतीकडे कर. पाठीक लाज नसता.”

आणि तिने आम्हां सगळ्या आयांना भिंतीकडे तोंड करून उभे केले. ती मागे उभी राहून आमच्या पाठी बघायची आणि पाठीवरूनच सगळे ओळखायची. कोणाचा श्वास अडकला, कोणाचा खांदा चढला, कोण आज घरून रडून आली. भिंतीवर पिठाचा थर होता आणि माझ्या नाकासमोर एक पाल राहायची. त्या पालीसमोर मी नाचायला शिकले. शांती काजूच्या फॅक्टरीतून यायची, तिची बोटे बियांच्या चिकाने काळी पडलेली. ती हात लपवायची. वैनी तिला मागून म्हणाली, “शांते, भिंत काय बोटांका नाव ठेवता काय? उघड.” पुष्कळ दिवस असे गेले. मग एक दिवस ताल चालू असतानाच वैनी मागून फिरून आली आणि भिंत आणि आम्ही यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काठी हातावर मारत राहिली. आमच्यापैकी कोणीच थांबले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीकडे पाठ करून नाचलो.

आता जत्रेचे लिहिते. इथे माझे अक्षर बिघडेल.

आमच्या देवळात जत्रेच्या दिवशी पालखी फिरते आणि मग मांडवात दशावतार होतो. दशावतारात बाईचे सोंगही पुरुषच घेतात. देवळाच्या मांडवात बाई कधी नाचलेली नाही. वैनीच्या मनात आले की पालखीच्या आधी अर्धा तास आपल्या मुलींनी मांडवात देवासमोर नाचावे. “देवाक रोज पुरुषच नाचान दाखयतत. तेका पण बदल नको?” तिने आबांना विचारले.

आबा गोड बोलले. म्हणाले, देवाला विचारू. आमच्याकडे मोठ्या गोष्टीला कौल घेतात. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. जत्रेच्या पंधरवडाभर आधी कौल लावला. आम्ही बाहेर दीपमाळेपाशी उभ्या होतो. उजवी पडली. म्हादू गुरवाने बाहेर येऊन सांगितले तेव्हा वैनीच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते कोणाला दिसू नये म्हणून ती माझ्यावरच खेकसली.

मग आबा म्हणाले, मांडवाचा, लाइटचा खर्च आहे, मुलींचे कपडे आणि दागिने गोव्याहून भाड्याने आणायला माझा एक ओळखीचा आहे, पैसे जमवून दे. मुलीमागे बाराशे रुपये. शांतीने ते कसे जमवले ते मला ठाऊक आहे. वैनीने सगळे पैसे घेऊन आबांच्या हातात द्यायला हात पुढे केला. आबा म्हणाले, “माझ्या हातात नको. देवासमोर ठेव, नारळ ठेव, मगे मी उचलतंय.”

वैनीने ठेवले. कोणीही ठेवले असते. मानकऱ्याकडे पावती मागत नाहीत आणि देवासमोर पैसे ठेव म्हटल्यावर का म्हणून विचारत नाहीत. गावाबाहेरच्या माणसाने ही चूक केली नसती.

चार दिवसांनी आबा पडवीत आले. त्यांची नात आर्या आमच्याच क्लासला होती. मुली रांगेत होत्या. पुढे तारा, शांतीची. आर्या मागच्या रांगेत.

आबा म्हणाले, “कुंदा, आमच्या बायेक मागे कित्याक ठेवलंस?”

“तिची अरमंडी बसणा नाय. बसली काय पुढे येतली.”

“आणि ही काजूवालीची पुढे?”

“तिची बसली.”

आर्या गुणी पोर. ती म्हणाली, “आजोबा, माका मागेच बरा. कोण बघना नाय.” सगळ्या मुली हसल्या. आबाही हसले. पण जाताना त्यांनी चपला घालायला फार वेळ लावला.

जत्रेच्या सकाळी मुली वैनीकडे जमल्या. गोव्याचे कपडे आले नव्हते. आबा फोन उचलत नव्हते. वैनीने घरातल्या साड्या कापून, टाके घालून सगळ्यांना नेसवले, डोळे रंगवले, केसांत अबोलीचे वळेसर माळले. मुलींना घेऊन आम्ही देवळाच्या पायऱ्यांपाशी गेलो. आत बघतो तर पुन्हा पाकळ्या लावलेल्या.

म्हादू गुरव आबांना म्हणत होता, “आबा, देवान एकदा दिल्यान नी. परत इचारू नये.”

आबा म्हणाले, “तू लाव. गाऱ्हाणा मी घालतंय.” आणि त्यांनी घातले. गावात आजवर झाले नाही ते होते आहे, उद्या कोणाचे बरे-वाईट झाले तर ते कोणाच्या माथी, ते सांग महाराजा. असे विचारल्यावर देव तरी काय करणार? लोकांनी ‘व्हय महाराजा’ म्हटले. डावी पडली.

मुलींच्या आया पायऱ्यांवर कुजबुजायला लागल्या. बरे-वाईट म्हटल्यावर प्रत्येकीला आपले लेकरू दिसले. बाळदादा मांडवात चार लोकांत उभा होता. वैनीने त्याच्याकडे बघितले. तो लाइटवाल्याला काहीतरी सांगायला वळला.

वैनी खालच्या पायरीवरूनच बोलली, पण तिचा आवाज गाभाऱ्यात पोचला. “देवान हो म्हटल्यान. नाय तुमी म्हटलात, आबा. आपला नाय देवाच्या तोंडात कित्याक घालतास?”

आबा म्हणाले, “बायलमाणसान देवळात आवाज चढवचो नाय.”

तिने मुलींना परत आणले. गिरणीच्या बाकावर ओळीने बसवले, आणि वाटीत खोबरेल घेऊन एकेकीच्या डोळ्यांचा रंग स्वतः पुसला. वैनी गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. सगळ्यांत जास्त रडली ती आर्या. तिच्या हुंदक्यांनी काजळ गालभर झाले. वैनीने तिचा चेहरा दोन वेळा पुसला.

त्या जत्रेत मांडव पूर्वी कधी नव्हता इतका मोठा होता. लाइटही नवे. दशावतार बघायला त्याच मांडवात मुलींच्या आया जाऊन बसल्या, आपल्याच पैशांच्या उजेडात. मला अजून त्यांचा राग येतो.

पैसे परत मागायला वैनी आबांकडे गेली तेव्हा मी सोबत होते. आबांनी चहा ठेवायला सांगितले. म्हणाले, “देवासमोर ठेवलेलो पैसो माघारी येता काय, कुंदा? तुझ्या हातान ठेवलंस. आता देवाकडे माग.”

चहा यायच्या आधी वैनी उठली.

आठ दिवसांत गावभर झाले की नाचणारणीने पैसे खाल्ले. पैसे दिले होते वैनीच्या हातात, मागायचे वैनीकडेच. आबांकडे कोण मागणार? ज्या बायका पडवीत पालीसमोर नाचायला शिकल्या, त्या दळण दुसऱ्या वाडीतल्या गिरणीत न्यायला लागल्या. मोबाइलवरच्या गावच्या ग्रुपवर कोणीतरी नाचणाऱ्या बाईचे हलणारे चित्र टाकले आणि खाली नोटा. प्राजूने मला दाखवले. ज्याने टाकले तो माझ्या खिचडीवर वाढलेला मुलगा. क्लास बंद झाला.

वैनी म्हणाली, “मी सगळ्यांचे देतलंय. एकेकीचे.”

मी म्हटले, “तू खंय खाल्लंस?”

“नाय खाल्लंय. तरी देतलंय. माझ्या हातात दिले, माझ्या हातान जातले.”

ती कुडाळला त्या बाईंच्या हाताखाली शिकवायला लागली. पहिल्या गाडीने जायची, दुपारी येऊन गिरण चालवायची. पहिले पैसे शांतीचे दिले. शांतीने एकदाही मागितले नव्हते. ती म्हणाली, “वैनी, ऱ्हवांदेत. तारूक तुमी फुकट शिकयलात.” वैनी म्हणाली, “शिकयतंय ता येगळा. ह्ये घे. आणि तारूक रविवारी पहिल्या गाडयेक उभी कर.” तारा पुढची सगळी वर्षे वैनीबरोबर कुडाळला गेली. गावाने घडवले म्हणतात ते हे.

मग गणपतीच्या आधी गंमत झाली. आता फुगड्यांच्या मोठ्या स्पर्धा होतात, बक्षिसे असतात, साड्या सारख्या, कोरिओग्राफी म्हणतात ते सगळे लागते. आमच्या गावच्या महिला मंडळाला दोन वर्षे काही मिळाले नव्हते. मंडळाच्या पुढारी आर्याची आई, म्हणजे आबांची सून. ती गिरणीच्या दारात आली. हातात दळणाचा डबा, आत काही नाही.

“कुंदाकाकी, आमच्या फुगडये बसवून देशात?”

वैनी टोपावर काठी मारत राहिली. मग म्हणाली, “फी आगाऊ. आणि उद्यापासून सगळ्यांनी पडवीत येवचा. भिंतीकडे तोंड करून.”

मला वाटले होते ती नाही म्हणेल. मी असते तर म्हटले असते, मनात तरी. वैनीने त्यांना अशा फुगड्या बसवून दिल्या की त्यांना पहिले बक्षीस मिळाले. ढाल आबांच्या हस्ते स्वीकारली. वैनीचे नाव कोणी घेतले नाही. ती फीसुद्धा त्याच बायकांच्या घरी परत गेली, एकेकीचे बाराशे म्हणून. त्यांच्याच पैशांनी त्यांची फेड. हे मी तिला बोलून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “तेंचे पैसे काय आणि माझे काय. घाम माझो होतो.”

दोन वर्षांत सगळ्यांचे झाले. राहिले एकच घर, आबांचे. नातीचे बाराशे. तोवर दीप्ती कुडाळला कॉलेजात जायला लागली होती आणि वैनीने तिकडे एक खोली घेतली होती, क्लासला आणि राहायला. गावातून जायचे तिचे ठरले होते. बाळदादाने गिरणीवर माणूस ठेवला.

मी तिला विचारले, आबांना कशाला देतेस? सगळे पैसे त्यांच्याच पोटात गेले. त्यांना त्यांचे बाराशे द्यायचे म्हणजे चोराला वर खण-नारळ. मी इतके लांब वाक्य तिच्यासमोर पहिल्यांदाच बोलले.

ती गाठोडे बांधत होती. म्हणाली, “गावात सगळ्यांचे दिले आणि तेचे ठेवले, तर तो म्हणतलो माझे बाकी आसत. मगे तो माका बाजारात गाठतलो, स्टँडार गाठतलो, हसान इचारतलो. माका तेचा हसणा नको. सुलू, माका त्या माणसाचा काय्येक नको.”

मला ते तेव्हा पटले नाही. आजही पूर्ण पटलेले नाही. मला वाटते आबांनी आधी ओकायला हवे होते. पण पैसे माझे नव्हते आणि राग तिचा माझ्याहून मोठा होता. इतका मोठा राग कसा चालवायचा हे तिला कळत होते, मला कळत नाही. मी फक्त वहीत लिहिते.

शनिवारी सकाळी देवळात कमिटीची बैठक असते. आरती झाली की सगळे मांडवात सतरंजीवर बसतात. वैनी गेली. मी मागे दीपमाळेपाशी उभी राहिले. ती पायऱ्या चढली आणि सरळ मांडवात जाऊन उभी राहिली, जिथे मुली नाचणार होत्या तिथेच. केसांना तेल लावून घट्ट आंबाडा घातला होता. त्या दिवशी भुवयांवर पीठ नव्हते, त्यामुळे ती मला अनोळखी वाटली.

“आबा, तुमच्या नातीचे बाराशे.”

आबा बसल्या जागेवरून हसले. म्हणाले, “असांदेत गो. देवासमोर ठेव.”

“देवासमोर नाय. हात पुढे करा.”

सगळे बघत होते. बाळदादाही होता, खांबाला टेकून. आबांनी इकडे-तिकडे पाहिले. मग हात पुढे केला, खाली बसलेल्या माणसाला उभ्या बाईपुढे करावा लागतो तसा, तळवा वर. वैनीने नोटा त्यावर ठेवल्या.

“मोजा.”

“मोजूक कित्याक होये?”

“मोजा, आबा. माका गाडी आसा.”

त्यांनी मोजल्या. चष्मा नव्हता, म्हणून एकेक नोट डोळ्यांजवळ नेऊन. माझ्या मनात दया आली नाही.

वैनी म्हणाली, “आता ह्या गावात माझ्याकडे कोणाचो एक रुपयो नाय.”

गाभाऱ्याच्या उंबऱ्यात म्हादू गुरव निर्माल्य गोळा करत होता. तो मान वर न करता म्हणाला, “व्हय महाराजा.”

गुरवाने म्हटले की मांडवातल्यांच्या तोंडून ते आपोआप येते. लहानपणापासूनची सवय. सतरंजीवरचे सगळे म्हणाले, “व्हय महाराजा.” बाळदादा म्हणाला. आबाही म्हणाले. मी त्यांचे ओठ बघत होते.

वैनी पायऱ्या उतरली, चपला घातल्या, माझ्याकडून गाठोडे घेतले आणि गाडीसाठी रस्त्याला लागली. आत आबा अजून तसेच बसले होते, मूठ मिटून. मुठीत बाराशे होते, पूर्ण.